पिएमोंटाइट म्हणायला लागणारा वेळ

आमच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारायचा, "मॅडम, याच्यात सोनं हाय का?"

खोली म्हणजे नागपुरातल्या एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाची प्रयोगशाळा, आणि मी तिथली डेमॉन्स्ट्रेटर. प्राध्यापक फळ्यावर शिकवतात, डेमॉन्स्ट्रेटर हातात देऊन शिकवते, एवढाच आमच्यातला फरक. पगारातला वेगळा. साठच्या दशकात मी त्या खोलीत शिरले तेव्हा केस काळे होते आणि कपाटांची कुलुपं नवी होती. बाहेर पडले तेव्हा दोन्हींचं काय झालं होतं ते सांगायची गरज नाही.

गावात दगड ओळखणारी बाई आहे ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. वाडीच्या एका गोदामातले ट्रान्सपोर्टवाले गृहस्थ फडक्यात बांधून हिरा घेऊन आले होते. ट्रकच्या मागच्या चाकाखाली सापडला म्हणे. मी त्यावर चाकूची धार ओढली, ओरखडा उठला आणि गृहस्थांचा चेहरा उतरला. जाड बाटलीच्या बुडाची काच होती ती. हिंगण्याला कारखान्यात पाळी करणारे दुसरे एक जण आकाशातून पडलेला दगड घेऊन आले. काळा, जड, अंगभर भोकं. मी विचारलं, "पडताना कोणी पाहिला?" म्हणाले, "पाहिला नाही जी, पण आमच्या कारखान्याच्या भिंतीमागं पडला होता." तो त्यांच्याच कारखान्याच्या भट्टीतून निघालेला कचरा होता. हे सांगितल्यावर ते दगड उलटसुलट करून पाहत म्हणाले, "म्हणजे मीच फेकला असन का?" मी म्हटलं, असेल. मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

दगड ओळखणं म्हणजे काही जादू नव्हे. रंगावर कधी जायचं नाही, कारण रंग फसवतो. नखाने ओरखडा उठतो का, पैशाने उठतो का, चाकूने उठतो का, हे पाहायचं. चकाकी नसलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घासून भुकटीचा रंग पाहायचा. अ‍ॅसिडचा थेंब टाकून फेस येतो का पाहायचं. आणि कोरड्या दगडाचा खरा रंग दिसत नसेल, तर तो ओला करायचा. आता रानात पाणी कुठे शोधणार? म्हणून आमची सगळी जमात दगड चाटते. जगात दुसरं कोणी चाटत नसेल. एका पठ्ठ्याने शेजारणीने नुकताच अ‍ॅसिड टाकून ठेवलेला दगड उचलला आणि सवयीने जिभेला लावला. अ‍ॅसिड पातळ होतं म्हणून निभावलं. पण त्या दिवसापासून मी टेबलावर पाण्याची वाटी ठेवायला लागले आणि प्रत्येक वर्षीच्या पहिल्या तासाला सांगायला लागले, की लेकरांनो, आधी वाटी, मग जीभ.

जिभेचं दुसरं काम मात्र मुलांना जास्त अवघड जायचं. ते म्हणजे खनिजांची नावं घेणं.

मराठी शाळेतून आलेली मुलं ती नावं पाहूनच घाम पुसायची. ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच, सगळ्यांची खिचडी. मी त्यांना सांगायची, घाबरू नका. शेवटी 'आइट' दिसलं की ते आपल्या 'कर'सारखं समजा. नागपूरकर, उमरेडकर, तसं. पुढे गाव असेल, माणसाचं नाव असेल, नाहीतर रंग-गुण काही असेल. 'कर' बाजूला काढा, उरतं ते वाचा. मुलांचा धीर वाढावा म्हणून मी आणखी एक गोष्ट सांगायची. माणकाचं आणि नीलमण्याचं जे मूळ खनिज, त्याला सगळं जग कोरंडम म्हणतं. तो शब्द आपल्याच देशातून गेलाय, आपण त्याला कुरुंद म्हणतो. म्हणजे साहेबसुद्धा आपला एक शब्द घोकून परीक्षा देतो. यावर वर्गात हमखास टाळ्या पडायच्या.

सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात छळवादी नाव होतं पिएमोंटाइट. जगात तसं दुर्मिळ, पण आमच्या रामटेककडच्या मँगनीजच्या पट्ट्यात ते सापडतं. लालसर, कधी पिकल्या जांभळासारखं, संगमरवरात नाहीतर अभ्रकी खडकात बारीक काड्यांसारखं रुतलेलं. इटलीतल्या एका प्रांताच्या नावावरून त्याचं नाव पडलं. तिकडच्या भाषेत 'पिए' म्हणजे पाय आणि 'मोंते' म्हणजे डोंगर. डोंगराच्या पायाशी असलेला मुलूख तो पिएमोंते, आणि तिथला दगड तो पिएमोंटाइट. मराठीत म्हणायचं तर पायथेकर.

आमच्या विभागात या पायथेकरांना तीन नावांनी हाक मारली जायची. जुने प्राध्यापक जुन्या पुस्तकाप्रमाणे पीडमॉन्टाइट म्हणत. विभागप्रमुख पायमॉन्टाइट म्हणत आणि दुसरं कोणी काही म्हटलं की भुवई उंचावत. मी पिएमोंटाइट म्हणायची. माझं म्हणणं सरळ होतं. ज्या गावाचं नाव आहे, त्या गावची माणसं म्हणतात तसं म्हणावं. साहेबांनी आपल्या गावांच्या नावांची कशी वाट लावली ते आपण पाहिलंय. आपण तरी दुसऱ्याच्या गावाची लावू नये.

नावाच्या बाबतीत मी हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. माझे बाबा गिरणीत होते. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. त्याआधी कोणी नाव विचारलं की बाबांची नजर जमिनीकडे जायची आणि आवाज घशातच राहायचा. त्यानंतर त्यांनी घरात एक नियम केला. नाव विचारलं की पुरं सांगायचं, मान वर करून सांगायचं, समोरच्याला ऐकू जाईल असं सांगायचं. नोकरीच्या मुलाखतीत मी माझं नाव इतक्या जोरात सांगितलं, की समोरच्या गृहस्थांच्या हातातली कपबशी वाजली. त्यामुळे नाव पुटपुटणारा विद्यार्थी मला खपत नसे. दगडाचं असो की स्वतःचं, नाव घेताना चोरी कशाची?

अशा माझ्यासमोर प्रभाकर हेडाऊ येऊन बसला.

उमरेडच्या विणकर घरातला मुलगा. किडकिडीत, नीटनेटका, शेवटच्या बाकावर. रोज एस.टी.ने यायचा. पहिले काही महिने मला वाटलं, पोरगा संस्कृतचा पंडित आहे. पाण्याला जल म्हणायचा, पेनला लेखणी. मुलं त्याची थट्टा करायची. नाव विचारलं तर म्हणायचा, "हेडाऊ, उमरेडचा." एक दिवस मी अडूनच बसले. "आडनाव कळलं. नाव सांग." त्याने ओठ मिटले आणि ते उघडेचनात. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मिटले, आणि खूप वेळाने बाहेर आलं ते नुसतं "प्र… प्र… प्र…". तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प आणि ब ने सुरू होणारा शब्द आला की त्याची जीभ अडायची. म्हणून तो वाटेतला असा प्रत्येक शब्द आधीच हेरून बाजूला काढायचा आणि दुसरा घालायचा. एवढी मेहनत तर मी पीएच.डी. करणाऱ्यांना करताना पाहिली नाही.

पण खनिजाच्या नावाला दुसरा शब्द नसतो. पर्यायी नाव असतं कधीकधी, आणि ते त्याने शोधलंही होतं. मी पिएमोंटाइट हातात दिला की तो म्हणायचा, "मँगनीज एपिडोट." मी म्हणायची, "हे घराणं झालं. नाव?" मग तो खाली पाहायचा.

डोळा मात्र त्याचा असा, की मी कामाला लागल्यापासून तसा पाहिला नव्हता. दगडाचा कागदाहून पातळ काप काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. पिएमोंटाइटचा काप ठेवला आणि खालची चकती फिरवली, की तोच कण पिवळा दिसतो, मग जांभळट, मग लालभडक. प्रभाकरने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तो चकती फिरवतच राहिला. मग वर न पाहता म्हणाला, "हे तं धूपछाव हाय." ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा असला, की लुगडं हलवताना रंग बदलतं, त्याला विणकर धूपछाव म्हणतात. हे समजावायला पुस्तकाला दीड पान लागलं होतं.

आता परीक्षेबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी लांब टेबलावर दगडांची रांग मांडलेली असे. प्रत्येक दगडासमोर एक विद्यार्थी. दगड पाहायचा, लिहायचं, आणि घंटी वाजली की सगळ्या रांगेने एकदम एक पाऊल पुढच्या दगडाकडे सरकायचं. टेबलाच्या टोकाला खुर्ची. तिथे लिहायचं नाही, बोलायचं. समोर बाहेरून आलेले परीक्षक, ज्यांना मुलं एक्स्टर्नल म्हणत, हातात एक दगड घेऊन बसलेले. घंटी ते घंटी जेवढा वेळ लिहिण्याला, तेवढाच बोलण्याला. पुढची घंटी झाली की उठायचं, मागचा त्या खुर्चीत येऊन बसतो. घंटी माझ्याकडे असे. पितळी, डोक्यावर थाप मारली की वाजणारी. माझ्या मनगटावरच्या घड्याळाला आणि माझ्या घंटीला कोणाचीही ओळखदेख नाही, अशी माझी ख्याती होती.

मी सांगतेय त्या परीक्षेच्या आदल्या वर्षी प्रभाकर त्या खुर्चीत बसला, ओठ मिटून राहिला आणि घंटी झाल्यावर उठून गेला. परीक्षकांना वाटलं, काही येत नाही. तोंडी परीक्षेत शून्य. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं. घरी हातमागाचं काम ओसरत चाललं होतं. वडिलांनी सांगितलं, अजून एक वर्ष बघ, नाहीतर वाडीला मामांच्या गोदामात पोती मोजायला लाग. हे मला सांगताना तो म्हणाला, "तिथं चांगलं राहील जी. तिथं कोणाले काही सांगायचं काम नाही." त्याच्या आवाजात सुटका होती. मला त्याचाच फार राग आला. त्याच्यावर नाही. हा डोळा, हे डोकं, आणि जिभेच्या एका अडकण्यापायी हा पोरगा मुकाट्याने पोती मोजायला निघाला होता, आणि त्यात त्याला बरं वाटत होतं!

या खेपेलाही तेच परीक्षक येणार होते. उंच, वृद्ध गृहस्थ, आयुष्य रानोमाळ हिंडलेले. त्यांचे प्रश्न साऱ्या नागपूरला पाठ होते. नाव सांगा. नाव का पडलं ते सांगा. आणि आमच्याकडे आले की ते कपाटातून पिएमोंटाइटच काढायचे, हेही सगळ्यांना माहीत होतं. सोपा पेपर फुटलेला, आणि ज्याला उत्तर सगळ्यात चांगलं येत होतं त्यालाच तो सोडवता येत नव्हता. तोंडीऐवजी त्याला लिहू द्यावं का, असं मी विभागप्रमुखांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "एकाला दिलं की उद्या साऱ्यांना पाहिजे." लिहू देण्याचा नियम नव्हता, हे खरंच होतं.

मग दुपारी तास संपल्यावर आमची शिकवणी सुरू झाली. प्रभाकर, मी आणि इंदू वानखेडे. इंदू नंदनवनची, त्याच्याच वर्गातली. तिची जीभ इतकी सुटी, की प्रश्न संपायच्या आत उत्तर हजर असायचं, मग ते बरोबर असो की चूक. ती स्वतःहून आली होती.

"घरी काही औषधबिषध केलं का गा?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"केलं. आजीनं वेखंड चाटवलं. पो…" तो थांबला आणि वळसा घेऊन म्हणाला, "राघूनं चोच मारलेला जांब खाऊ घातला."

"अन् तोंडात गोटी धरून बोलायचं नाही सांगितलं कोणी?"

"सांगितलं."

"मॅडम, मंग आपल्या कपाटातून याले एक गोटा काढून द्या. बेसाल्ट देता का क्वार्ट्झ?"

प्रभाकर हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मी नाव फोडून फळ्यावर लिहिलं. पिए, मोंट, आइट. पाय, डोंगर, कर. अर्थ मनात धरून एकेक तुकडा म्हणायचा. आम्ही तिघं एकसुरात म्हणायला लागलो की प्रभाकर एकदाही अडत नसे. मग इंदू हळूच गप्प व्हायची. मग मी. त्याला कळलं नाही तोवर तो एकटाच स्वच्छ म्हणत राहायचा, पिएमोंटाइट, पिएमोंटाइट. आपण एकटे आहोत हे लक्षात आलं की गाडी रुळावरून घसरली. असं किती दुपारी चाललं ते आठवत नाही. उन्हाळा लागला, खिडक्यांना वाळ्याचे पडदे आले, आणि नाव काही एकट्याने निघेना.

"मॅडम, जाऊ द्या," तो एकदा म्हणाला. "तुमचा वेळ जाऊन राहिला."

"माझा वेळ मी कुठे घालवायचा ते मी ठरवीन. म्हण."

परीक्षेचा दिवस आला. टेबलावर दगड, भिंग, चाकू, फरशीचे तुकडे, पाण्याची वाटी. परीक्षक खुर्चीसमोर बसले, आणि त्यांनी कपाटातून काय काढलं ते सांगायला नको. रांग सरकत होती. माझी घंटी वाजत होती. होता होता प्रभाकर शेवटच्या खुर्चीत आला. त्याच्या मागे, टेबलावरच्या शेवटच्या दगडापाशी, इंदू.

"नाव सांगा," परीक्षक म्हणाले.

प्रभाकरने दगड हातात घेतला. उलटवला, उजेडाकडे धरला. त्याला ओळखायचं काहीच नव्हतं. मग त्याने ओठ मिटले. "पि…" एवढं बाहेर आलं आणि बंद. पुन्हा, "पि… पि…". मान ताठ झाली. परीक्षकांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर वाईटपणा काही नव्हता, पण मागच्या वर्षीची आठवणसुद्धा नव्हती.

माझ्या घड्याळात वेळ झाली. मी इतकी वर्षं कोणासाठी घंटी पुढेमागे केली नव्हती. एकासाठी केली असती, तर बाकीच्यांना मी काय तोंड दाखवलं असतं?  मी घंटी वाजवली.

प्रभाकर अर्धवट उठला. रांग सरकायला हवी होती. सरकली नाही.

इंदू आपल्या दगडावर वाकून भिंगातून पाहत होती. ती जागची हलली नाही, त्यामुळे तिच्यामागचा हलू शकत नव्हता. आणि त्याच्या मागचेही, खरं म्हणजे, हलायचा प्रयत्न करत नव्हते. एकाने फरशीवर दगड घासायला घेतला. दुसरीने वाटीत बोट बुडवून दगडाला लावलं. सगळी रांग एकदम कामाला लागली होती.

"पुढे या," परीक्षक इंदूला म्हणाले. "घंटी झाली."

"झाली जी. पण माह्यं पाहणं व्हायचं हाय."

"काय आहे तुमच्यासमोर?"

तिच्यासमोर पांढरंशुभ्र क्वार्ट्झ होतं. शाळेतलं पोरही ओळखेल असं. "लय गुंतागुंतीचा दगड हाय सर," ती भिंग न काढता म्हणाली.

विभागप्रमुख ताडकन उठले. "मॅडम, हे काय चाललंय?"

"मी घंटी वाजवली आहे, सर," मी म्हटलं. यापलीकडे एक अक्षर बोलले नाही.

परीक्षकांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला नापास व्हायचं आहे का?"

आता इंदूने भिंग खाली ठेवलं. जीभ तिची नेहमीसारखीच सुटी होती. "सर, तुमच्या समोरच्या त्या दगडाले बनायले करोडो वर्षं लागले. त्याचं नाव निघायले अजून दोन मिनटं लागले, तं कोणाचं काय बिघडते?"

 मला वाटलं, गेली पोरगी. आता दोघं नापास. परीक्षकांनी रांगेकडे पाहिलं, मग अर्धवट उठलेल्या प्रभाकरकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आठवल्यासारखं उमटायला लागलं.

"तुम्हाला नाव येतं?" त्यांनी विचारलं.

प्रभाकरने मान हलवली. हो.

"मग बसा."

तो बसला. त्याने डोळे मिटले नाहीत. दगडाकडे पाहत म्हणायला लागला. "पि…" थांबला. "पि… पि…" पुन्हा थांबला. आम्ही शिकवलेली युक्ती त्याने केली असेल-नसेल, तिचा काही उपयोग दिसत नव्हता. पण रांगेतल्या एकानेही वर पाहिलं नाही. सगळे आपापल्या दगडाकडे पाहत होते, कोणाला जणू घाई नव्हती. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. "पि… पिए…" आणि मग उरलेला शब्द सरळ बाहेर आला, "…मोंटाइट."

"नाव का पडलं?"

आता इथे त्याला पळवाट होती. पाय या शब्दाला पाऊल आहे, पद आहे, पण तेही प चेच; चरण मात्र चालला असता. शब्द बदलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. तो क्षणभर थांबला, ती वाट त्याला दिसली असणार, आणि तो म्हणाला, "पिए म्हणजे प… प… पाय." मग डोंगर. मग "प… पायथा." मग आइट. सगळे प आणि सगळे ब घेऊन, प्रत्येकापाशी थांबत, एकही न चुकवता. वेळ लागला. पुष्कळ लागला. परीक्षकांनी मग आणखी विचारलं, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं? तेव्हा प्रभाकर ताण्या-बाण्याच्या रंगांवर आला आणि परीक्षक खुर्ची पुढे ओढून ऐकायला लागले.

शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी घंटी वाजवली आणि या खेपेला सगळी रांग सरकली. इंदू खुर्चीत बसली. "नाव सांगा," परीक्षक म्हणाले. इंदूने तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द निघेना. परीक्षक म्हणाले, "सावकाश. आज वेळ आहे."

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. "मागच्या वर्षी हा मुलगा होता का?"

"होता, सर."

त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.  जाताना त्यांनी विभागप्रमुखांना सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून शेवटच्या खुर्चीला घंटी नको, बोलणाऱ्याचं बोलणं झालं की रांग सरकेल. विभागप्रमुख माझ्यावर दोन दिवस धुसफुसले. पुढच्या वर्षी परीक्षा संध्याकाळपर्यंत लांबली, शिपाई कुरकुरला, माझी बस चुकली. पण घाई गेली आणि एरवी तोंड न उघडणाऱ्या खेड्यावरच्या मुलीसुद्धा दगडाबद्दल असं काही सांगायला लागल्या, की मला वाटलं, इतकी वर्षं हे सगळं यांच्या पोटातच राहत होतं की काय.

माझ्या नोकरीत एक गोष्ट राहून गेली. बायकांनी खाणीत जमिनीखाली उतरायचं नाही असा कायदा. मी आयुष्यभर वर आलेले दगड पाहिले, ते जिथून येतात तो अंधार कधी पाहिला नाही. याची रुखरुख आहे, आणि ती आहे असं सांगायला मला लाज वाटत नाही. म्हणूनच, निकाल लागून प्रभाकर पास झाला आणि एका मँगनीजच्या खाणीत नमुने तपासायच्या जागेची मुलाखत देऊन दुपारी सरळ आमच्या खोलीत आला, तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं. उन्हातून आला होता. त्याला बसवलं आणि विचारलं, "किती जण होते समोर?"

"तिघं जी."

"दगड दिला?"

"दिला. प… पण त्याच्या आधीच मी सांगून टाकलं."

"काय सांगून टाकलं?"

"म्हटलं, साहेब, मले दगड ओळखता येते अन् नावही येते. प… पण ब… बोलताना मी अडतो. तुम्हाले थोडं थांबा लागन."

 असं सांगायचं असतं, हे त्याला मी शिकवलं नव्हतं. हे माझ्या फळ्यावर कुठेच नव्हतं.

"मग? त्यांनी काय केलं?"

प्रभाकरने घाम पुसला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"थांबले," तो म्हणाला.